एक जाळी जळगावला, एक धुळ्याला

जळगाव
दि. १६ डिसेंबर २०२४

ती. अक्कास,
अभिमनचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

अक्षर माझंच आहे, तेव्हा पहिली काळजी मिटली असेल. तुझ्या शेजारच्या वनाने तुला कागदावर काय लिहून दाखवलं, देव जाणे. म्हणून सगळं पहिल्यापासून लिहितो.

सत्तावीस नोव्हेंबरला सकाळी दहा वाजता मी भरिताची वांगी घ्यायला बाजारात गेलो होतो. वांगं हातात धरून दाबून पाहत होतो, तेवढ्यात छातीवर कुणीतरी पाइपांचं बंडल ठेवावं तसं वाटलं. शर्ट घामाने ओला झाला. वांगीवालीने मला तिच्या गोणपाटावर बसवलं आणि एका रिक्षावाल्याला हाक मारली. त्याने थेट दवाखान्याच्या दारात नेऊन सोडलं. ईसीजी म्हणतात तो छातीचा कागद काढला, डॉक्टरांनी एकदाच पाहिला, आणि दीड तासाच्या आत मी कॅथ लॅबमध्ये टेबलावर होतो.

हृदयाच्या पुढच्या अंगाची मोठी रक्तवाहिनी पूर्ण बंद झाली होती. शस्रक्रिया म्हणावी तर छाती उघडलीच नाही. उजव्या मनगटातून बारीक नळी घातली, ती हृदयापर्यंत नेली, बंद जागी फुगा फुगवला आणि तिथे धातूची जाळी बसवली. त्या जाळीला स्टेंट म्हणतात. मी शुद्धीवर होतो. फुगा उतरला आणि छातीवरचं ओझं असं गेलं, की मला रडूच आलं. रत्नाला हे सांगू नकोस.

बत्तीस वर्षं पाइप कंपनीत काढली. ठिबकच्या नळीत क्षार बसले की पिकाचं काय होतं, हे अर्ध्या खानदेशाला मी शिकवलं, आणि माझीच नळी तुंबली! डॉक्टर म्हणाले, लवकर आलात म्हणून हृदयाचा स्नायू बराच वाचला. पंपिंग सध्या चाळीस टक्के आहे. साठच्या आसपास हवं, पण औषधं आणि चालणं नीट ठेवलं तर काही महिन्यांत वाढेल.

आता रोज सकाळी अर्धा तास चालतो. तू काळजी करू नकोस आणि यायची घाईही करू नकोस, थंडी फार आहे. रत्ना नमस्कार सांगते.

तुझी माया आहेच, ती पत्रातून पाठवत राहा.
तुझा
अभिमन

*

दोंडाईचा
दि. २ जानेवारी २०२५

चि. अभिमन यास,
अक्काचे अनेक आशीर्वाद.

पत्र पाच वेळा वाचले. सहाव्यांदा लाल पेन घेऊन वाचले. 'शस्त्रक्रिया' असे लिहितात, तू 'शस्रक्रिया' लिहिलेस. चौथीत असतानाही तुझा तो 'त' असाच गळत असे. बाकी पत्र उत्तम. ज्या बाईने तुला गोणपाटावर बसवले तिला रत्नाच्या हातून साडी पाठव.

वनाने मला एवढेच लिहून दाखवले होते की 'मामाला अटॅक, आता बरे'. त्या चार शब्दांत मी तीन दिवस काढले. कुंदनने आईसाठी म्हणून सुरतहून मोठा मोबाइल आणून दिला आहे, पण त्यावरची अक्षरे मला मुंग्यांसारखी दिसतात आणि कानाने तर दहा वर्षांपूर्वीच शाळेबरोबर निवृत्ती घेतली. त्यामुळे तुझ्या पत्रावरच माझी भिस्त.

इकडे सर्व ठीक. गेल्या आठवड्यात वनाच्या मुलीच्या हळदीला खापरावर चाळीस मांडे केले. आता या वयात एवढे मांडे हातावर झेलले की डावा हात खांद्यापासून भरून येतो, त्याचे काही नाही. पूर्वी बाजारात पायी जात असे, आता ऊन लागते म्हणून रिक्षाने जाते. वाचनालयाचा जिना मात्र उंच बांधला आहे, मधल्या पायरीवर बसून मी वर्तमानपत्र तिथेच मागवते. ग्रंथपालाला वाटते म्हातारीचा मान ठेवतो. खालच्या जबड्यात अधूनमधून कळ येते, पण दाताच्या डॉक्टरांनी दोनदा पाहून दात धडधाकट असल्याचे सांगितले. या वयात दातांचे कौतुक ऐकायला मिळणे हेही थोडके नव्हे.

तू मात्र जिवाला जप. तुझे काळीज नुकते कुठे सावरले आहे, त्याला कसलाही घोर लावून घेऊ नकोस.

तुझ्यावरचा जीव आहे तसाच आहे.
अक्का

*

जळगाव
दि. १२ जानेवारी २०२५

ती. अक्कांस,
रत्नाचा नमस्कार.

हे पत्र ह्यांना न सांगता लिहिते आहे. ह्यांनी तुमचं पत्र मला मोठ्याने वाचून दाखवलं, लाल पेनाच्या ठिकाणी खूप हसले आणि घडी घालून ठेवून दिलं. मी ते दुपारी पुन्हा उघडलं.

अक्का, जानेवारीत कसलं ऊन हो?

तुम्ही चाळीस मांडे केले म्हणून हात दुखला असं लिहिता. मागे माझ्या नणदेच्या नात्याने तुम्ही आमच्याकडे एका बैठकीत साठ मांडे केले होते आणि वर मलाच खापर धुवायला बसवलं होतं. जबडा दुखतो आणि दात चांगले आहेत. जिना अर्ध्यातच राहतो. ह्या तिन्ही गोष्टी तुम्ही तीन वेगळ्या ओळींत लिहिल्या आहेत, पण मला त्या एकाच ओळीत दिसल्या. बसलं की कळ थांबते का, एवढंच मला कळवा. थांबत असेल तर ती दाताची नाही.

हे मी ठासून का सांगते, तेही सांगते. ह्यांना अटॅक येण्याआधी तीन आठवडे जेवण झाल्यावर शतपावली घालताना छातीत जळजळत होतं. मी रोज ओवा आणि काळं मीठ देत होते. एक दिवसही डॉक्टरकडे चला म्हणाले नाही. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, आधी काही त्रास होता का, तेव्हा हे नाही म्हणाले आणि मी गप्प राहिले. ते मी आजवर कुणाला बोललेले नाही, तुम्हालाच लिहिते आहे. एकदा माझ्या हातून ओवा दिला गेला, दुसऱ्यांदा देणार नाही.

बायकांचं दुखणं छातीतच येतं असं नाही, हे मला दवाखान्यातल्या सिस्टरने सांगितलं. पाठीत येतं, जबड्यात येतं, नुसता थकवा येतो. आणि आपण बायका कामावर ढकलून मोकळ्या होतो.

उलट टपाली खरं कळवा. रागावलात तरी चालेल.
तुमची
रत्ना

*

दोंडाईचा
दि. २० जानेवारी २०२५

चि. सौ. रत्ना हिस,
अनेक आशीर्वाद.

एकवीस वर्षे मुख्याध्यापिका होते, पण मला असे कोणी पकडले नव्हते.

बसले की कळ थांबते. दिवाळीपासून आहे. कपडे वाळत घालताना हात वर केले की येते, चार मिनिटे बाजेवर टेकले की जाते. मी शिकलेली बाई आहे, मला शंका आली नसेल असे समजू नकोस. दिवाळी झाली की कुंदनला बोलवून दाखवायचे असे ठरवले होते, आणि तेवढ्यात अभिमनचे झाले. त्या तीन दिवसांत मी ठरवले की त्याचे हृदय ठणठणीत होईपर्यंत माझ्याविषयी अवाक्षर काढायचे नाही. आई गेली तेव्हा तो सात वर्षांचा होता. माझ्या परकराला धरून झोपत असे. त्याला माझे असे काही कळले तर तो स्वतःचे पथ्यपाणी विसरेल, धावत सुटेल. त्याच्यावर आणखी भार नको.

ओव्याचे मनातून काढून टाक. तू डॉक्टर नाहीस. त्या दिवशी त्याच्याजवळ तासन्तास उभी होतीस, ते मी जाणते.

मार्चपर्यंत थांब, मग मी स्वतः जाईन. तोवर त्याला सांगू नकोस, एवढे माझे ऐक.
अक्का

*

जळगाव
दि. २७ जानेवारी २०२५

ती. अक्कांस,
रत्नाचा नमस्कार.

तुमचं ऐकलं नाही, क्षमा करा. काल ह्यांना सांगितलं. धावत सुटले नाहीत. एवढंच म्हणाले की अक्काने मला लहान समजणं सोडावं, आणि तुम्हाला धुळ्याला नेण्यासाठी मलाच पाठवायचं ठरवलं. त्यांना इतका प्रवास अजून नको.

शनिवारच्या गाडीने दोंडाईच्याला उतरते. कुंदनही सुरतहून त्याच दिवशी पोचतो आहे. तुम्ही दार लावून घेतलंत तरी मी ओट्यावर बसेन, आणि येणारा-जाणारा प्रत्येक जण विचारील, त्यापेक्षा पिशवी भरून ठेवा.
रत्ना

*

दोंडाईचा
दि. ११ मार्च २०२५

चि. अभिमन यास,
अक्काचे अनेक आशीर्वाद.

मनगटाची पट्टी काढून चार दिवस झाले. पहिले पत्र तुलाच.

रत्नाने तुला बातमी दिलीच आहे, पण ती बाहेरच्या बाकावर होती आणि मी आत होते, तेव्हा आतले मी सांगते. धुळ्यातल्या डॉक्टर बाई चाळिशीच्या आहेत, सगळे त्यांना रूपा मॅडम म्हणतात. मला ऐकू येत नाही म्हटल्यावर त्यांनी लगेच एक वही काढली आणि त्या दिवसापासून आम्ही वहीवर बोलतो. अक्षर अगदी कोंबडीच्या पायाचे. मी तसे लिहून कळवले तर त्या खुर्चीतच हसत सुटल्या, आणि पुढचे पान खरोखर सुवाच्य लिहिले.

पहिल्या भेटीत त्यांनी लिहिले, की तुमच्या भावाचे आणि तुमचे दुखणे एका जातीचे असले तरी वेळ वेगळी आहे. त्याची रक्तवाहिनी एकाएकी बंद पडली, तिथे मिनिटामिनिटाला स्नायू मरत होता, तिथे जाळीने जीव वाचवला. तुमची हळूहळू अरुंद झाली आहे, तिथे घाई नाही. आधी गोळ्या देऊन पाहू, कित्येकांची कळ गोळ्यांनीच थांबते. चार आठवडे गोळ्या घेतल्या. कळ कमी झाली, पण कपडे वाळत घालता येईनात. मग त्यांनी लिहिले, आता आत पाहावे लागेल.

टेबलावर एक अडचण आली. चित्र घेताना श्वास रोखून धरा असे सांगावे लागते, आणि मी तर ठार बहिरी. तिथल्या सिस्टरने युक्ती काढली. खांद्यावर एक थाप म्हणजे श्वास धरायचा, दोन म्हणजे सोडायचा. आयुष्यभर मी मुलांना हातावर छडी आपटून रांगेत उभे केले, आणि त्या दिवशी ती पोरगी मला थापांनी शिकवत होती. मी एकदाही चुकले नाही. बाजूच्या पडद्यावर माझे हृदय दिसत होते. काळ्या फांद्यांचे झाड वाऱ्यात हलावे तसे. एका फांदीला मध्येच चिमटा बसला होता, तो मलासुद्धा दिसला.

ती पुढची मोठी वाहिनी नव्वद टक्के अरुंद होती. तिथे फुगा फुगवून जाळी बसवली. फुगा फुगवला तेव्हा क्षणभर तीच ओळखीची कळ जबड्यात आली. फुगा उतरला तशी गेली. मी डोळे मिटले आणि आईची आठवण काढली, एवढेच.

उजव्या बाजूच्या वाहिनीतही एक अरुंद जागा निघाली. तिथे त्यांनी केसाएवढी तार पलीकडे नेऊन चिमट्याच्या आधीचा आणि नंतरचा दाब मोजला. फारसा उतरत नव्हता. म्हणून तिथे जाळी बसवली नाही. ती जागा गोळ्यांवर सोपवली आहे.

दुसऱ्या दिवशी घरी. काल सगळे कपडे मी एका दमात वाळत घातले. वर आणखी रत्नाची दोन लुगडी धुऊन घातली, तिला राग आला.

निघताना रूपा मॅडमनी वहीत मोठ्या अक्षरात लिहिले, ते तुझ्यासाठी उतरवते. रक्त गोठू न देणाऱ्या दोन गोळ्या मला न विचारता एक दिवसही बंद करायच्या नाहीत. शेजाऱ्याने सांगितले तरी नाही, दात काढायचा असला तरी नाही. नवी जाळी रक्ताला परकी असते, तिच्यावर गुठळी धरली तर पुन्हा अटॅक. मला सहा महिने सांगितल्या आहेत. तुझ्याविषयी मी विचारले. ज्यांना अटॅक येऊन गेला त्यांना साधारण वर्षभर, असे त्यांनी लिहिले.

रत्नाला आणखी दहा-बारा दिवस ठेवून घेते. तुला भाकरी थापता येते, मीच शिकवली आहे.

माझा लोभ जाळीसकट शाबूत आहे.
अक्का

*

जळगाव
दि. १८ मार्च २०२५

ती. अक्कास,
अभिमनचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

पत्र मिळालं, डोळे निवले. कपडे वाळत घातल्याचं वाचून मी ते वाक्य इथे कट्ट्यावरच्या तोतारामलाही वाचून दाखवलं. तो माझा चालण्यातला सोबती, आता आम्ही दोघे रोज तासभर चालतो.

पण अक्का, एक नळी तशीच सोडली हे मला पटलेलं नाही. मी कारखान्यात असतो तर अशी लाइन पासच केली नसती. उघडलंच होतं, तार आत होतीच, मग दुसरी जाळी टाकायला काय हरकत होती? आज दाब उतरत नाही, उद्या उतरेल. तुझ्या मॅडमना माझ्या वतीने वहीत विचार. नाहीतर मीच धुळ्याला जाऊन विचारतो.

मी एकदम ठणठणीत. पायऱ्या दोन-दोन चढतो. धुळवडीला तर मी रंगही खेळलो. दात घासताना हिरड्यांतून जरा रक्त येत होतं आणि हातावर निळे डाग पडत होते, म्हणून त्या दोनांतली एक गोळी मी परवापासून बंद केली आहे. तोतारामच्या मेहुण्याला जाळी बसून सहा वर्षं झाली, तो एकच घेतो. जोड एकदा पक्का बसला की त्यावर रोज लेप लावत नाही कुणी. आणि एक तर चालूच आहे, तेव्हा तू काळजी करू नकोस. रत्ना इथे नाही म्हणून हे तुलाच आधी कळवतो आहे, तिला मी नंतर सांगेन.

अक्षय्य तृतीया जवळ येते आहे, आखाजीला या वेळी तू इकडे यायचंस. भावाचं घर म्हणजे माहेरच, आणि कुंदनने सोडायला यायचं कबूल केलं आहे.

तुझी माया अशीच वाहती राहू दे.
तुझा
अभिमन

*

जळगाव
दि. २४ मार्च २०२५

ती. अक्कास,
अभिमनचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

परवा सकाळी साडेनऊला माझा फोन वाजला. पाहतो तर तुझा नंबर. दहा वर्षांत तू फोन कानाला लावलेला नाहीस. उचलला, हॅलो म्हणालो, आणि तुझा आवाज आला, तोही असा की बाहेर ओट्यावर तोताराम उभा होता त्याला शब्दन् शब्द ऐकू गेला. 'अभिमन, मी बोली ऱ्हायनी, तू फक्त ऐक. माले काही ऐकू येत नही, म्हणून मधमा बोलू नको.' आणि मग तू बोलत सुटलीस, आपल्या घरच्या बोलीत, आईसारखी.

ती नळी नाही, ते जिवंत मांस आहे, असं तू म्हणालीस. दाब उतरत नसताना जाळी टाकली तर फायदा नाही आणि जोखीम मात्र येते, हे मॅडमनी तुला आधीच लिहून दिलं होतं. कारखान्यातली लाइन मी कापून नवी बसवू शकतो, तुझं हृदय कापून बसवता येत नाही. मग गोळीवर आलीस. मेहुण्याची जाळी सहा वर्षांची, माझी चार महिन्यांची, हे तू मला पहिलीतल्या पोराला समजवावं तसं दोनदा समजावलंस. आत्ता ऊठ, गोळी घे, आणि आजच डॉक्टरकडे जा, असं म्हणून फोन ठेवलास. मागून रत्ना काहीतरी ओरडत होती, तेही ऐकू आलं. म्हणजे तिला कळलंच.

मी उठलो आणि गोळी घेतली. तोताराम रिक्षा घेऊन आला.

डॉक्टर फारसे रागावले नाहीत, त्याने मला जास्त लाज वाटली. त्यांनी सांगितलं की सहा दिवस ही थोडी गोष्ट नव्हे, आणि काही झालं नाही हे माझं नशीब. हिरड्यांतून येणारं थोडं रक्त आणि हातावरचे डाग हे त्या गोळीबरोबर येतातच, फार झालं तर ते गोळी बदलून देतील, पण बंद करायची ती त्यांनी, मी नाही. छातीचा कागद काढला, तो ठीक आहे. मग सोनोग्राफीच्या मशीनवर हृदय पाहिलं. पंपिंग बावन्न टक्के झालंय अक्का. चाळीसवरून बावन्न. डॉक्टरांनी तो आकडा दोनदा वाचला, मी तिसऱ्यांदा वाचायला लावला.

रत्ना काल परत आली. रागावलेली आहे, पण चहा दिला. गोळ्यांची डबी तिने स्वतःच्या ताब्यात घेतली आहे.

आता एक राहिलं. तू फोनवर बोलत होतीस तेव्हा मी मध्येमध्ये बोललो होतो, तुझं न ऐकता. तुला ते ऐकू आलं नाही, म्हणून इथे लिहितो. हिरड्यांचं रक्त हे निम्मंच खरं होतं. रोज सकाळी ती गोळी तळहातावर घेतली की मला तो बाजारातला दिवस आठवायचा, ते गोणपाट, तो घाम, आणि रिक्षातून जाताना वाटलेलं की आता रत्ना एकटी पडणार. गोळी नाही घेतली की तो दिवस झालाच नाही असं वाटायचं. इतका ठणठणीत दिसत होतो ना सगळ्यांना, आतून घाबरलेलो होतो गं. हेच मी फोनवर तीनदा म्हणालो, आणि तू पलीकडे मेहुण्याच्या जाळीबद्दल बोलत होतीस.

लिहिल्यावर बरं वाटलं. आज तो दिवस आठवला, तरी गोळी घेतली.

माया कमी करू नकोस, आणि उत्तर पत्रानेच दे. फोनवर तू फार जोरात बोलतेस.
तुझा
अभिमन